थांबमाशी

दर रविवारी सकाळी घराबाहेर पडण्याआधी कॅमेऱ्याची बॅग काट्यावर ठेवायची, हा त्या घरचा नियम होता. काटा म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. गोदामात पोती तोलतात तसला, खाली लोखंडी पाट आणि वर घड्याळाएवढी तबकडी. गोदामाने नवे काटे घेतले तेव्हा हा भंगारात निघाला. ज्या माणसाने चाळीस वर्षं त्याच्यावर माल तोलला होता, तो निवृत्तीच्या दिवशी लोकांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ तिथेच विसरला आणि काटा मात्र हातगाडीवर घालून घरी घेऊन आला. हौसेला मोल नसतं.

तो माणूस म्हणजे दादा. कॅमेरा त्याच्या धाकट्या बहिणीचा. लहानपणी ती एका जागी बसायची नाही म्हणून दादाने तिचं नाव भिंगरी ठेवलं. आता ती एक्कावन्न वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत होती, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, तरी घरात ती भिंगरीच होती. आईवडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची आणि तो एकोणीसचा. त्याच आठवड्यात दादाला जहाजावरच्या नोकरीचं पत्र आलं होतं. ते त्याने घडी घालून कपाटात ठेवलं आणि गोदामात कामाला लागला. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. लग्नं राहून गेली ती राहूनच गेली.

भिंगरीला छंद होता उडत्या किड्यांचे जवळून फोटो काढण्याचा. माश्या, गांधीलमाश्या, चतुर, पंख फुटलेल्या मुंग्या. इमारतीखालचा किल्लीवाला विचारायचा, "बाई, घरात माश्या कमी पडतात का?" ती हसून सोडून द्यायची. खरी अडचण माश्यांची नव्हती, सामानाची होती. तिळाएवढा जीव आणि त्याच्यासाठी मोठी लेन्स, फ्लॅश, फ्लॅशचा उजेड मऊ करायला दुधाच्या खोक्याचा तिने स्वतः बनवलेला पडदा, कॅमेरा टेकवायचं तिकाटणं, बॅटऱ्या, बसायला घडीचं स्टूल. नाकापेक्षा मोती जड. सगळं मिळून आठ किलो सहाशे ग्रॅम भरायचं. ते ओझं पहिल्या दिवसापासून दादाने घेतलं होतं.

"बॅग माझी, माशी तुझी," तो म्हणायचा. वाटणी ठरलेली.

गेल्या हिवाळ्यात दादा जिन्यात कोसळला. हृदय अशक्त झालंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, आणि रोज सकाळी स्वतःचं वजन करून लिहून ठेवायचं. अंगात पाणी साठलं तर आकडा आधी बोलतो. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचं तोललं त्याला बाईंनी स्वतःला तोलायला लावलं. दादाला गंमत वाटली. रोज सकाळी तो आतल्या खोलीत काट्यावर उभा राहायचा, मोठ्याने "बासष्ट!" म्हणायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा.

भिंगरीला मात्र गंमत वाटली नव्हती. जिन्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती अर्धा तास बसली होती, तो अर्धा तास तिच्या अंगातून अजून गेला नव्हता. दादाशिवाय तिला कोणी नव्हतं. बॅग तो सोडणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तिने बॅगच हलकी करायला घेतली. तिकाटणं काढलं. जास्तीची लेन्स काढली. स्टूल काढलं, ती गुडघ्यावर बसू लागली. वसंत लागला तेव्हा बॅग चार किलो आठशेवर आली होती आणि तिच्या जिवात जीव आला होता.

ते जायचे ती जागा कालव्यापलीकडे होती. रोपं विकणारी नर्सरी, कधीच बंद पडलेली. पायी चालायचा लोखंडी पूल, त्यावर लाकडी फळ्या; त्यातली तिसरी फळी पाय पडला की करकरायची. पलीकडे कमरेएवढं गवत आणि त्याच्यामागे लांबट काचघर. काही काचा फुटलेल्या, काही धुळीने दुधाळ. आत खाली गवत, कुंड्या ठेवायच्या गंजक्या लोखंडी मांडण्या, आणि त्यांच्यामधून वाढलेली पांढरी, छत्रीसारखी फुलं. दहाच्या सुमाराला ऊन छतावर आलं की आतली हवा कोमट व्हायची, धूळ सोनेरी दिसायची, बाहेरचा आवाज जवळजवळ ऐकू यायचा नाही. तिथे बसलं की आपण जागे आहोत की डुलकी लागलीय हेच कळायचं नाही.

आणि मग ती यायची. मधमाशीसारखे पट्टे अंगावर मिरवणारी, पण डंख नसलेली, सोंगाडी माशी. तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती हवेत थांबते. पंख चालूच असतात, पण ती हलत नाही. हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखी. पापणी लवेपर्यंत बाजूला सरकते, पुन्हा त्याच ठिकाणी येते. दादाने तिला थांबमाशी म्हणायला सुरुवात केली होती. तिचा उडताना फोटो घ्यायची एकच रीत. माशीच्या मागे धावायचं नाही. ती थांबते ती जागा हेरायची, फोकस त्या रिकाम्या जागेवर लावायचा, आणि श्वास रोखून वाट बघायची.

"किती मेहनत बघ," दादा एकदा म्हणाला होता. "लोक म्हणतात वा, काय उडते! उडण्यात काय आहे? थांबायला ताकद लागते."

पहिली गोष्ट भिंगरीच्या लक्षात आली ती पुलावर. तिच्या पायाखाली तिसरी फळी करकरली. मागून दादा आला, त्याच्या पायाखाली करकरली नाही. लाकूड आहे, कधी वाजतं, कधी नाही. पुढच्या रविवारीही वाजली नाही. दादा ताजातवाना दिसत होता. धाप लागत नव्हती, ओठांचा निळेपणा गेला होता. "ऊन वर आलं ना, की अंग कसं हलकं वाटतं," तो म्हणाला. हेच तर तिला ऐकायचं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर सवयीने तिने बॅग काट्यावर ठेवली. सुई पाच किलो पाचशेवर थांबली. जाताना चार आठशे होती.

बाजूचे दोन्ही कप्पे उघडले तर त्यात दगड. कालव्याकाठचे, गोल, गुळगुळीत. दोन्ही बाजूंना एकेक.

"दादा, हे काय?"

"दगड." तो बूट सोडत बसला होता. "साडेतीनशे-साडेतीनशेचे. दोन्ही बाजूंना सारखे, नाहीतर खांदा एकीकडे ओढतो."

"अरे, पण कशाला? मी ग्रॅम ग्रॅम करून सामान काढतेय आणि तू दगड भरतोयस?"

"थोडं वजन लागतं गं. नाहीतर चालताना पाय टेकल्यासारखा वाटत नाही." आणि मग तिचा चेहरा पाहून, "बरं बाई. राहिलं."

तिने दगड गॅलरीतून खाली टाकले. चिडून तिने बॅगेतला, पावसात सामानावर घालायचा पावसाळी पडदाही काढून टाकला. चार किलो दोनशे. त्या क्षणी तिला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे ती पुढे कधी विसरू शकली नाही.

त्या आठवड्यात संध्याकाळी ती फोटो बघत बसली. फोटोत माशी ठळक येते, मागचं सगळं धूसर होतं; गवत म्हणजे हिरवा डाग, दादा म्हणजे गोदामाच्या जुन्या कोटाचा निळा डाग. तो नेहमी तिच्या समोर, मांडणीपलीकडे उभा राहायचा, सावली पडू नये म्हणून. भिंगरी जन्मभर काचेतून बघत आलेली बाई. डाग कुठे संपतो हे तिला कळतं. निळा डाग गवतापर्यंत पोचत नव्हता. दोन्हींच्या मध्ये उजेडाची एक पट्टी होती. मागच्या महिन्यातल्या फोटोत ती पट्टी दोऱ्याएवढी होती. त्यानंतरच्यात बोटाएवढी.

कोन बदलला असेल, ती स्वतःशीच म्हणाली. आपण खाली गुडघ्यावर बसतो, म्हणून तसं दिसतं. कारण पटण्यासारखं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

शनिवारी सकाळी तिने आतल्या खोलीचं दार न वाजवता उघडलं. दादा काट्यावर उभा होता. कोट घातलेला, कोटाचे खिसे खाली ओथंबलेले, आणि दोन्ही हातांत काट्याबरोबर गोदामातून आलेली पाच-पाच किलोंची लोखंडी वजनं. सुई बासष्टवर होती.

चाळीस वर्षं ज्याने कधी मापात पाप केलं नाही, ज्याच्या शब्दावर व्यापारी न बघता पावती घ्यायचे, तो माणूस. तिला रडूच आलं.

"तू घाबरशील म्हणून," दादा म्हणाला. तो वजनं घेऊनच काट्यावरून उतरला. एक खाली ठेवलं. दुसरं हातातच धरून ठेवलं.

"खरं किती आहे?"

"नाही बघितलं."

दादाने वजन बघितलं नाही, ही गोष्ट तिला सगळ्यांत जास्त लागली.

तिला वाटलं, आजार आतून पोखरतोय आणि हा लपवतोय. तिने तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, सोमवारी घेऊन या, सगळ्या तपासण्या करू. तोवर काही उचलू देऊ नका. पाण्याची बादलीसुद्धा नको.

रविवारी तिला जायचंच नव्हतं. दादा म्हणाला, फुलं आठ दिवसांत सुकतील, मग पुढच्या वर्षापर्यंत थांबमाशी नाही. तुला अजून एकही मनासारखी मिळालेली नाही. हे खरं होतं. शेवटी ती तयार झाली, पण अटीवर. तिने स्वतः त्याच्या कोटाचे खिसे रिकामे केले. दोन्ही खिशांतून चार-चार दगड निघाले. बॅग मात्र त्याने सोडली नाही. पट्टे खांद्यावर घट्ट ओढून घेतले. तिने विचार केला, चार किलो दोनशे, आणि रस्ता सपाट आहे. तिथे पोचल्यावर काढून घेऊ.

पुलापलीकडच्या काठावर ओला चिखल होता. ती पुढे होती. पूल ओलांडून तिने मागे पाहिलं तेव्हा चिखलात तिच्या बुटांचे खोल ठसे दिसले. त्यांच्या शेजारी, दादा चालत आला होता तिथे, चिखल गुळगुळीत होता.

तिने ते पाहिलं आणि पुढे चालू लागली. काही गोष्टी माणूस पाहतो आणि खिशात टाकून ठेवतो.

काचघरात ऊन आलं होतं. धूळ तरंगत होती. फुलांवर आज कधी नव्हे इतक्या माश्या होत्या, आणि त्यातल्या तीन-चार दादाच्या कानाजवळ, खांद्याजवळ येऊन हवेत थांबत होत्या. तो हात हलवत नव्हता.

"बॅग काढ आता," ती म्हणाली.

"असू दे गं. रिकामी कर हवं तर. पण राहू दे अंगावर."

"दादा, बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना? माझी शपथ आहे तुला."

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर उभा राहून पाहिलं होतं, तसं.

"शपथ कशाला घालतेस," तो म्हणाला. "घे."

एका हाताने त्याने लोखंडी मांडणी धरली आणि दुसऱ्या हाताने पट्टा खांद्यावरून उतरवला. तिने बॅग घेतली, कॅमेरा काढला, बॅग स्वतःच्या पायाशी ठेवली आणि गुडघ्यावर बसली. आता तो तिच्या मागे होता, ही एवढीच गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी होती.

तिने जागा हेरली. सर्वांत उंच फुलाच्या वीतभर वर. फोकस त्या रिकाम्या जागेवर लावला.

"मिळाली का?" दादाने विचारलं. आवाज खांद्यामागून आला.

"नाही अजून. थांब."

"थांबलोय."

माशी आली. सरकली. गेली. पुन्हा आली.

मागे मांडणी एकदा कुरकुरली. मग कुरकुरायची थांबली.

"वेळ लागेल का गं?"

आवाज तिच्या डोक्याच्या वरून आला. तिचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला होता. मागे वळावं असं तिला वाटलं, आणि वळलं तर काय दिसेल हेही वाटलं. ती वळली नाही.

"दोनच मिनिटं. थांब रे, दादा."

"थांबतोय. बघ ना, थांबतोच आहे."

त्याला धाप लागली होती. कितीतरी आठवड्यांनी.

माशी नेमक्या जागी येऊन थांबली.

तिने बटण दाबलं.

"मिळाली!" ती म्हणाली.

"मिळाली ना?" आवाज लांबून, छतापाशी जिथे काच नव्हती तिथून आला. त्यात सुटका होती. "बरं झालं."

ती वळली.

मांडणी होती. ऊन होतं. वर फुटक्या काचेच्या चौकटीत आकाशाचा तुकडा होता. मांडणीजवळ दादाचे बूट शेजारी शेजारी उभे होते. नाड्या बांधलेल्या होत्या.

दोन दिवस कालव्यात शोध घेतला. पाणबुडे आले, गळ टाकले, पार खालच्या दरवाज्यांपर्यंत बघून झालं. अधिकारी समजूतदार होता. हृदयाचा आजार, पाय घसरला असेल, तो म्हणाला. बुटांचं काय, असं तिने विचारलं तेव्हा त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि विषय बदलला. तोही बिचारा काय सांगणार?

फोटो तिने महिनाभर उघडला नाही. उघडला तेव्हा दिसलं, आजवरचा सगळ्यांत चांगला होता. पंखांच्या शिरा मोजता येत होत्या.

पुढच्या वसंतात ती पुन्हा जाऊ लागली. आता बॅगेत सगळं होतं. तिकाटणं, दुसरी लेन्स, स्टूल, पावसाळी पडदा. आठ किलो सहाशे. काचघरात पोचल्यावर ती बॅग फुटक्या काचेखाली ठेवायची, पट्टे मोकळे करून, कोणाला खांदा घालावासा वाटलाच तर घालता यावा असे. मग बॅगेकडे पाठ करून बसायची. फोकस रिकाम्या जागेवर लावायची आणि वाट बघायची. माश्या येत. ती बटण दाबत नसे.

तिसऱ्या रविवारी परतताना तिच्या लक्षात आलं की तिसरी फळी करकरली नाही. ती मागे फिरली, फळीवर उभी राहिली, टाच आपटली. लाकूड गप्प होतं. घरी येऊन ती काट्यावर चढली. गेली कित्येक वर्षं तिचं वजन अठ्ठावन्न होतं. सुई एकावन्नपाशी थरथरली आणि तिच्या डोळ्यांदेखत तबकडीवर अर्धं घर खाली आली.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. गुडघे दुखत नव्हते. जिना कधी संपला कळत नव्हतं. रात्री गाढ झोप लागत होती आणि सकाळी पांघरूण तेवढं जड वाटायचं. वजन तिने कुठे लिहिलं नाही. ज्याला दाखवायचं तो नव्हता, आणि ज्याच्यामागे जायचं त्याची वाट तिला ठाऊक झाली होती. पुढच्या रविवारी तिने बॅग घरीच ठेवली. नुसता कॅमेरा घेतला.

काचघरात ऊन आलं तसं तिने जॅकेट काढून दादाच्या मांडणीवर टाकलं. गुडघ्यावर बसली. फोकस लावला, वीतभर वर, रिकाम्या हवेवर. कानाजवळ एक माशी येऊन थांबली. मग दुसरी. गुडघ्यांखालची जमीन हळूहळू मऊ होत गेली, आणि मग ती आहे की नाही हे कळेनासं झालं. मागे मांडणी एकदा कुरकुरली.

ती वळली नाही. खूप वेळ तशीच बसली. कोणी काही बोललं नाही.

ऊन सरकलं तेव्हा तिने डोळे पुसले, जॅकेट अंगात घातलं आणि निघाली. पुलावर पहिली फळी, दुसरी फळी. तिसरी करकरली.

ती थांबली. हात जॅकेटच्या खिशांत घातले.

घरी येऊन तिने दोन्ही दगड काट्यावर ठेवले, एका वेळी एक. गोल, गुळगुळीत, कालव्याकाठचे. इतक्या वेळानंतरही कोमट होते.

साडेतीनशे. आणि साडेतीनशे.